सायमाच्या सदऱ्याची शेपटी

सायमा कांगास ही माझी धाकटी जाऊ. माझा नवरा टाउनो हा थोरला, त्याचा धाकटा भाऊ आर्व्हो, त्याची ही बायको. आर्व्हो जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिला कुणी विधवा म्हटलेलं चालत नाही. “मेलाय तो आर्व्हो. मला काय धाड भरलीय?” असं ती चर्चच्या पायरीवर पाद्र्यालाच म्हणाली होती. पाद्री नवा होता. त्यानं पुढं तो शब्द कुणासाठीच वापरला नाही.

बाई ठेंगणी, रुंद, दंड पुरुषासारखे. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात भली मोठी पातेली उचलली तिनं. तिच्या हातचं मुलांना आवडायचं असं नाही, पण ताटं चाटूनपुसून परत यायची, कारण ती समोर हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

तिच्या आणि माझ्या घरात फक्त बटाट्याचं शेत. तिच्या तळघरात मटाराच्या नि बिटाच्या बरण्यांशेजारी एक जाड टेबल आणि त्यावर लोखंडी दांड्याचं दाबयंत्र. काडतुसं भरायचं. आर्व्होला शिकार आवडायची, पण बारीक कामाचा त्याला कंटाळा. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं बायकोला ते काम शिकवलं आणि स्वतः विसरून गेला. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायच्या, घासायच्या, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायच्या. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत काट्यावर तोललेली दारू घालायची आणि शेवटी तोंडात गोळी दाबून बसवायची. मला ते पास्तीत, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीत, सारण भरण्यासारखंच वाटायचं, फक्त कडा दुमडताना इथं जरा जास्त देवाचं नाव घ्यायचं. तशी दारू आम्हा दोघींच्याही घरात होती, तिच्या तळघरात बंदुकीची आणि माझ्या कपाटात टाउनोची. मोजून वापरली जायची ती फक्त तिची.

आर्व्होनं जी काही हरणं मारली, ती सगळी तिच्या काडतुसांनी. नोव्हेंबर आला की पुरुष नदीपलीकडच्या कॅम्पात जायचे आणि आम्ही बायका घरी. कॅम्प म्हणजे लाकडी ओंडक्यांची झोपडी, एक चूल, भिंतीला लावलेल्या झोपायच्या फळ्या आणि साउना, आम्हा फिनिश लोकांची वाफेची न्हाणी. सायमा तोवर घरामागच्या शेतातच शिकार करायची. कुंपणाला टेकून उभी राहायची आणि बटाटे खायला आलेलं हरीण पाडायची. “माझी काडतुसं दरवर्षी कॅम्पात जातात,” ती म्हणायची. “मीच तेवढी घरी. उलटं असायला हवं होतं, काडतुसांना थंडी मानवत नाही.”

मग एका फेब्रुवारीत साउनाच्या छपरावरचं बर्फ ओढताना ती खाली आली. बर्फही आलं, पण आधी ती आली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होता, आमच्याच गावचा. तो म्हणाला, “आता रायफल-बियफल विसरायची, आजी.”

सायमा म्हणाली, “मी तुझी आजी नव्हे. तुझी आजी माझ्या वर्गात होती. ती घाबरट होती.”

त्याच वसंतात आर्व्हो गेला. बर्फ वितळत होतं तेव्हा गेला, म्हणून खड्डा खणायला त्रास झाला नाही, एवढंच त्यानं आमचं सोपं केलं.

दफनविधी झाल्यावर काही दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात भांडण झालं. मी वेलदोड्याचा पाव कापत होते, सायमा कॉफी पीत होती. टाउनोनं घसा खाकरला. तो घसा खाकरतो तेव्हा कुणाचं तरी नुकसान व्हायचं असतं.

“आर्व्होची फळी रिकामी झालीय,” तो म्हणाला. “ती क्रेगला देऊ या म्हणतो.”

क्रेग म्हणजे आमचा जावई. मोठ्या पुलापलीकडून, दक्षिणेकडून आलेला, म्हणजे आमच्या हिशेबी परदेशीच. पण पोरगा चांगला आहे. बोटभर तरी जास्त हसतो, एवढंच.

सायमानं कप खाली ठेवला. “आर्व्होची फळी रिकामी नाही. मी येणार आहे.”

“कॅम्पात बायका नसतात, सायमा.”

“कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही म्हणूनच पाळायचं. लिहिलेलं कुणीही मोडतं.”

“टाउनो, त्या झोपडीच्या ओंडक्यांत शेवाळ कुणी कोंबलं? मी आणि हेल्मीनं. तुम्ही दोघं छपरावर बसून बिअर पीत होतात.”

हेल्मी म्हणजे मी. मी पाव कापत राहिले. आपलं नाव निघालं की मान खाली घालायची, हे मी माझ्या आईकडून शिकले.

“शेवाळाचं सोड,” टाउनो म्हणाला. “क्रेगची शेपटी भिंतीवर आहे. तुझी आहे का?”

इथं मला दोन वाक्यं सांगायला हवीत. आमच्याकडं हरणावरचा नेम चुकला की कॅम्पचा म्होरक्या, म्हणजे हल्ली टाउनोच, सुरी काढतो, चुकणाऱ्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कापतो आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकतो. खाली कोळशानं नाव. कांगासांची ती भिंत म्हणजे चिंध्यांचं दुकान झालंय. टाउनोच्या स्वतःच्या तीन आहेत, पण त्या कोटांच्या खुंट्यांमागं येतात, कशा कोण जाणे. आणि टाउनोच्या बापापासूनचा नियम असा, की ज्याची शेपटी भिंतीवर तो कॅम्पचा. त्याला फळी, त्याला चुलीजवळ बोलायचा हक्क. ज्याची नाही तो पाहुणा, मग त्यानं कितीही हरणं पाडोत. सासरे म्हणायचे, हरीण काय, नशिबानं कुणीही मारतो. हसायचं मात्र आपल्याच माणसाला असतं, पाहुण्याला नाही.

“मग मी येते, चुकते आणि शेपटी देते,” सायमा म्हणाली.

टाउनो हसला. “त्या खांद्यानं? आर्व्होची रायफल एकदा झाडलीस तर खांदा डॉक्टरच्या दारात जाऊन पडेल. आणि नाहीच पडला तर तुझं रडणं ऐकून नदीपलीकडची हरणं पळतील.”

हे त्यानं बोलायला नको होतं. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता.

“ठीक आहे,” सायमा म्हणाली. “येते मी नोव्हेंबरात. पाहुणी म्हणून तरी येऊ देशील ना? का तेही कुठं लिहिलेलं नाही?”

पाहुण्याला नाही म्हणणं आमच्यात होत नाही. टाउनोनं मान हलवली. आर्व्होची फळी हंगाम संपेपर्यंत कुणाला द्यायची नाही, एवढं मी पदरात पाडून घेतलं. म्हणजे पाव कापता कापता सहज बोलून गेले, आणि टाउनोच्या तोंडात घास होता, त्याला नाही म्हणता आलं नाही.

मग उन्हाळाभर सायमा तळघरात. आर्व्होची जड गोळी तिनं बाजूला ठेवली आणि हलकी गोळी घेतली. दुकानातलं काडतूस झाडलं की खांद्याला घोड्याची लाथ बसते. तिला हवा होता धक्का, पण शेजारणीच्या कोपराएवढा. काडतुसांचं पुस्तक उघडून ती एकेक ओळ बोटानं वाचायची.

“दारू निम्मी करून टाक की,” मी म्हटलं. “निम्मी दारू, निम्मी लाथ.”

“तसं नसतं, हेल्मी. जास्त भरली तर फुटते हे सगळ्यांना ठाऊक. पण फार कमी भरली तर तीही उलटू शकते. हलक्या गोळीला जी दारू सांगितलीय तीच घ्यायची आणि जिथं थांबायला सांगितलंय तिथं थांबायचं.”

“टाउनोसारखंच आहे.”

“काय?”

“फार कमी बोलायला लागला की समजायचं, आता उलटणार.”

ती इतकी हसली की काट्यावरची दारू हलली आणि पुन्हा तोलावी लागली.

आठवड्यातून एकदा आम्ही तिच्या ट्रकमधून जुन्या खडीच्या खाणीत जायचो. ती पोत्यावर रायफल टेकवून बसायची, मी कॉफीचा थर्मास सांभाळायचे आणि कानांत कापूस घालायचे. तीन गोळ्या झाडायच्या, कागद बघायचा, घरी यायचं, काहीतरी बदलायचं, पुन्हा जायचं. पहिल्या खेपेला कागद असा दिसत होता की त्यावरून कोंबडी चालत गेली असावी. पण खांदा शाबूत होता. ती उठली, हात गोल फिरवला आणि म्हणाली, “डॉक्टरला सांग, खांद्याचा पत्ता बदललेला नाही, जिथं होता तिथंच आहे.”

मग नेमाचं वेड लागलं तिला. दारूत कणभर इकडं, कणभर तिकडं. शेवटी तिनं गोळी पुंगळीतून थोडी थोडी बाहेर बसवायला सुरुवात केली. रायफलच्या नळीत आतून पीळ असतात, गोळीचं नाक त्या पिळांना जितकं जवळ तितकी ती सरळ जाते, असं ती म्हणायची. प्रत्येक खेपेला गोळी आणखी बाहेर, आणि प्रत्येक खेपेला कागदावरची भोकं एकमेकांच्या आणखी जवळ. ऑगस्टच्या शेवटी तिन्ही भोकं एकमेकांना चिकटली. माझ्या अंगठ्यानं तिन्ही झाकली जात होती.

“आता बघ,” ती म्हणाली. “आता टाउनोला म्हणावं ये.”

मी त्या काडतुसाकडं पाहिलं. गोळी इतकी बाहेर होती की पुंगळीच्या तोंडात जेमतेम धरून बसलेली, म्हाताऱ्याच्या दातासारखी. मला वाटलं विचारावं. पण मी काय विचारणार? मला कुठं काडतुसातलं कळतं. आणि खाणीत जे काडतूस आत गेलं ते झाडूनच बाहेर आलं. एकही कधी न झाडता परत काढावं लागलं नाही. हे मी आता सांगते, तेव्हा आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडला. सायमा आदल्या दिवशीच कॅम्पात गेली. नवा, लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी सदरा घालून. चुलीजवळच्या घडीच्या खाटेवर तिला जागा मिळाली, पाहुण्यांची ती. टाउनोनं म्हणे सुचवून पाहिलं, की पाहुणी स्वयंपाक करणार असेल तर कुणाची काही हरकत नाही.

“पाहुण्याला कुणी चुलीपुढं बसवतं का?” सायमा म्हणाली. “मी तुमच्या घरी आलेय. कॉफी आण.”

त्यामुळं दुसऱ्या दिवशी दुपारी मी पास्त्यांची टोपली घेऊन पोचले, तेव्हा ते सगळे डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढत होते आणि मला पाहून रूडीच्या डोळ्यांत पाणी आलं. रूडी म्हणजे टाउनोचा जुना दोस्त, खाणीतून निवृत्त झालेला. तो बोलतो कमी, खातो जास्त. क्रेगही येऊन बसला होता, मोजे चुलीवर वाळत घातलेले. त्यांचा वास मी इथं लिहीत नाही.

“सायमा कुठाय?” मी विचारलं.

“लपणात बसलीय सकाळपासून,” टाउनो म्हणाला. “आर्व्होच्या. ओढ्यापलीकडं. एकही बार ऐकू आला नाही. झोप लागली असेल.”

“तुला लागते म्हणून सगळ्यांना लागत नाही,” मी म्हटलं.

उजेड उतरायच्या आधी दार उघडलं. सायमा आत आली. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात रायफलचा बोल्ट, काडतूस आत सारायचा तो सरकता दांडा, काढून घेतलेला. तिचं तोंड असं झालं होतं, की मी टोपलीवरचा रुमाल धरून तशीच उभी राहिले.

तिनं रायफल कोपऱ्यात ठेवली. खिशातून एक पुंगळी काढून टेबलावर ठेवली. पुंगळी न झाडलेली होती, पण तोंडात गोळी नव्हती, आत दारू नव्हती.

“काय झालं?” रूडी म्हणाला.

ती उभ्यानंच बोलली. परतताना ओढ्यावरच्या ओंडक्यापाशी आली. ओंडका ओलांडायचा तर रायफल रिकामी करायची, हा नियम. तिनं बोल्ट मागं ओढला. पुंगळी बाहेर आली, गोळी आली नाही. गोळीचं नाक नळीच्या पिळांत रुतून बसलं होतं. इतकी बाहेर बसवलेली गोळी, ती आतच राहिली, आणि पुंगळीतली सगळी दारू खसखशीसारखी रायफलच्या यंत्रात सांडली.

“आणि मी मान वर केली,” सायमा म्हणाली, “तर ओढ्यापलीकडं नर उभा. आठ टोकांची शिंगं. देवदाराची फांदी चावत होता आणि माझ्याकडं बघत होता. नाकावर बर्फ लागलेलं दिसत होतं, इतका जवळ.”

क्रेगनं श्वास आत ओढला. “दुसरं काडतूस...”

“दुसरं घातलं असतं तर नळी फुटली असती आणि तुम्ही आता मला बादलीतून आणलं असतं. मी उभी राहिले. तो उभा राहिला. मग शेपूट वर करून, पांढरं ढुंगण दाखवत गेला. घाई नव्हती त्याला. गोळी मी नंतर साफ करायच्या सळईनं मागं ढकलून काढली.”

मग टाउनो उठला, आणि मला वाटलं आता तो एक तरी टोमणा मारणार. हातानं भरलेल्या काडतुसांवर, तळघरावर, बायकांवर. मी तयारच होते. पण त्यानं तिच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू, आणि म्हणाला, “जाऊ दे गं सायमा. बस. कॉफी घे. होतं असं.”

मी लग्नापासून त्या माणसाला ओळखते. त्यानं कुणाला एवढ्या मऊपणानं “जाऊ दे” म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी बाळंतपणातून उठले तेव्हाही नाही.

सायमानं त्याचा हात खांद्यावरून काढला. “सुरी कुठाय तुझी?”

“कशाला?”

“माझा सदरा नवा आहे. चांगली लोकर आहे, बोथट सुरीनं फाटेल.”

टाउनोला कळलं. सगळ्यांनाच कळलं. तो परत बाकावर बसला. “नाही. गोळी सुटलीच नाही, तर नेम चुकला कसा? चुकला नाही तर शेपटी कसली?”

“हरीण उभं होतं, रायफल माझ्या हातात होती, हरीण गेलं. याला काय म्हणतात तुझ्या घरी?”

“काडतुसाचा दोष म्हणतात.”

“काडतूस कुणाचं?” सायमा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली. “ते कुठल्या दुकानातून नाही आलं, टाउनो. त्यातली दारू मी तोलली, टोपी मी बसवली, गोळी मी इतकी बाहेर ठेवली, कारण मला तीन भोकांचं एक करून तुझ्या नाकासमोर धरायचं होतं. बंदूक अडली असती तर मी बंदुकीला शिव्या दिल्या असत्या. हे माझं आहे. चूक माझी आहे, पूर्ण माझी, आणि ती मला भिंतीवर हवीय.”

“अगं, कुणी पाहिलं नव्हतं,” रूडी पास्तीतून बोलला. “आलीस आणि काही दिसलं नाही म्हणाली असतीस, तर...”

“तर मी पाहुणी राहिले असते.”

टाउनोनं पाईप शोधायला सुरुवात केली. पाईप त्याच्या तोंडातच होता. “हे बघ, खांदा दुखत असेल, दिवसभर थंडीत बसलीस, वय झालंय. आम्ही काही हसणार नाही तुला.”

“तेच तर!” सायमा ओरडली. “क्रेग चुकला तेव्हा तुम्ही इतके हसलात की हेल्मीला पलीकडच्या काठावर ऐकू गेलं. रूडीनं ओंडक्याला हरीण समजून गोळी घातली, ते तुम्ही अजून नाताळात सांगता. आर्व्होच्या चार शेपट्या आहेत तिथं, आणि चौथीच्या वेळी तू जमिनीवर लोळला होतास. आणि माझ्यावर हसणार नाही? मी काय मेलेय?”

मला हसू आलं. मी ते रुमालात दाबलं. आणि रागही आला, पण टाउनोचा की त्याच्या मऊपणाचा, ते ठरवता आलं नाही.

तेवढ्यात क्रेग खाकरला. “टाउनो, एक सांगू?”

“तू गप्प.”

“गेल्या वर्षी माझीही गोळी सुटली नव्हती.”

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. पोरगा लाल झाला होता, पण थांबला नाही. “माझ्या रायफलचा सुरक्षेचा खटका लावलेलाच होता. मी विसरलो होतो काढायला. चाप ओढला, काही झालं नाही, हरीण गेलं. तेव्हा तुम्हीच म्हणालात की चूक ती चूक, बार झाला की नाही याचा हिशेब हरीण ठेवत नाही. आणि कापलीत.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

टाउनो पाईप झटकायला लागला. जी फळी क्रेगची होणार होती, तीच पोरगा आपल्या हातानं सोडत होता, आणि हे त्यालाही दिसत होतं. मला माझ्या लेकीची निवड त्या क्षणी पहिल्यांदा पटली. आतापर्यंत मी नुसती चालवून घेत होते.

“रूडी,” टाउनो म्हणाला, “तुझं काय?”

रूडीनं घास गिळला. “ओंडक्याच्या वेळी माझं कुणी ऐकलं होतं का?”

सायमा पाठ करून उभी राहिली. पँटमधून सदऱ्याची शेपटी ओढून काढली आणि मागं हातानं धरली. “काप. आणि सरळ काप, वाकडी कापलीस तर तुझी लाज, माझी नव्हे.”

टाउनोनं सुरी काढली. मोठा माणूस, पण धाकट्या भावाच्या बायकोच्या मागं उभं राहून सदरा कापायचा म्हणजे हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडं काय बघतोस? मी पाहुणी आहे.”

त्यानं कापली. चर्र आवाज झाला. आणि मग, मी शपथेवर सांगते, टाउनोच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले. “पांढरं ढुंगण दाखवून गेला!” तो म्हणाला आणि बाकावर कोसळला. रूडीच्या नाकातून कॉफी आली. क्रेग भिंतीला टेकून रडत होता. “सळईनं मागं ढकलली!” “आणि ते उभं राहून बघतंय!” “देवदार चघळत!”

“हसा,” सायमा म्हणाली. चेहरा दगडाचा, पण कान लाल. “हसा, हसा. पोट भरून हसा.”

खिळा तिनंच ठोकला, डाव्या हातानं, कारण उजवा तेवढा वर जात नाही. एकदा अंगठ्यावर बसला आणि तिनं फिनिशमध्ये अशी शिवी दिली की माझ्या सासूची आठवण झाली. शेपटी आर्व्होच्या चारांशेजारी लागली नाही, तिथं जागा नव्हती. दाराच्या वर लागली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याशी.

मग ती टेबलाशी बसली आणि पेटीतून हातानं चालवायचं छोटं दाबयंत्र काढलं. उरलेल्या प्रत्येक काडतुसाची गोळी तिनं आत दाबली. दाराबाहेर बर्फाच्या ढिगाकडं नळी धरून प्रत्येक काडतूस आत घातलं आणि न झाडता बाहेर काढून पाहिलं. गोळ्या पुंगळीतच राहिल्या.

“आता भोकं चिकटणार नाहीत,” टाउनो म्हणाला. आवाज पुन्हा त्याचा नेहमीचा होता, देवाची कृपा.

“भोकांना हरीण विचारत नाही, किती जवळ म्हणून.” तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. “आणि उद्या नाश्त्याची पाळी कुणाची?”

“पाळी?”

“कॅम्पची माणसं पाळीनं करतात ना? की तेही कुठं लिहिलेलं नाही? माझी परवा. उद्या तुझी.”

त्याच हंगामात, शेवटच्या आठवड्यात, तिनं हरीण पाडलं. लहान, दोन काट्यांएवढी शिंगं. ती गोष्ट ती स्वतः सांगते, आणि दरवर्षी त्याला एखादं टोक फुटतं, म्हणून मी त्यात पडत नाही. टाउनोच्या पाळीची पोळी मात्र मी शेपटीच्या दुसऱ्या सकाळी खाल्ली नाही, पाहुण्यांच्या खाटेवर रात्र काढून मी पहाटेच निघाले होते. क्रेगनं खाल्ली. तो म्हणतो, हरणानं खाल्लेला देवदार बरा.

पण त्या शेपटीच्याच संध्याकाळचं एक राहिलं. जेवणं झाली, आणि फळीचा प्रश्न आला. आर्व्होची फळी वरची होती, छपराला लागलेली. खालच्या फळीवर रूडी झोपायचा. रूडी उठला, त्यानं आपली उशी उचलली आणि म्हणाला, “सायमा, तू इथं खाली झोप. खांदा आहे तुझा.”

“ती तुझी फळी आहे.”

“अगं, वर चढायला शिडी नाही. आर्व्हो लाकडाच्या पेटीवर पाय देऊन हातांनी ओढून घ्यायचा स्वतःला. तुला एका हातानं...”

“माझी वरची आहे.”

“हट्टी म्हातारी,” टाउनो म्हणाला.

“म्हातारा तू. मी धाकटी.”

क्रेग मदतीला पुढं झाला, तिनं त्याला एका नजरेनं मागं ढकललं. पेटीवर एक पाय, डाव्या हातानं वरची कड, मग दुसरा पाय रूडीच्या फळीवर, तिथं रूडीची बोटं होती, रूडी ओरडला. मग नुसतं धापा टाकणं. एकदा ती तशीच लटकली, मागचा सदरा आखूड, कंबर उघडी, आणि आम्ही चौघं श्वास धरून उभे. कुणी हसलं नाही, आणि कुणी हातही लावला नाही. मग एक गुडघा वर गेला. मग दुसरा. फळी करकरली, छपरावरची धूळ खाली आली.

वरून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता.

“सायमा?” मी म्हटलं. “ठीक आहेस?”

“मस्त आहे. गरम आहे वर. चूल खाली असून ऊब सगळी इथंच येते, हे आर्व्होनं मला कधी सांगितलं नाही, लबाडानं.”

“आणि सकाळी उतरणार कशी?” टाउनोनं विचारलं.

“ते सकाळी बघू,” ती म्हणाली. “दिवा मालव.”